गुणीच्या हातची गोळी

अशी कल्पना करा, की तुम्ही कॉलेजप्रवेशाच्या मुलाखतीला एका लांबट खोलीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसला आहात. समोर टेबल, टेबलापलीकडे तीन माणसं. एक तुमचे कागद उलटसुलट करतोय, एक घड्याळाकडे बघतोय, आणि तिसऱ्या बाईंचं सगळं लक्ष त्यांच्या चहाच्या कपावर आहे. मग कागदवाला मान वर करतो आणि विचारतो, "फार्मसीच का?"

बोला. तुमच्याआधी आत गेलेल्या प्रत्येकाने "लोकांची सेवा करायची आहे" असं सांगितलंय. हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण त्या खोलीचं दार नीट लागत नाही आणि बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू येतं. तुम्हीही तेच पाठ करून आला आहात. पण ऐनवेळी ते वाक्य पाण्याशिवाय गिळलेल्या गोळीसारखं घशात अडकतं. ना वर, ना खाली.

गुणीचं त्या दिवशी तसंच झालं. खरं उत्तर तिच्याकडे होतं. पण ते सांगायचं तर मामापासून सुरुवात करावी लागली असती, आणि मामा जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

गुणी हे काही तिचं जन्मनाव नव्हे. लहानपणी घरात तिला 'पाडापाडी' म्हणायचे. तिच्या हातात आलेली वस्तू जमिनीला भेटल्याशिवाय राहत नसे. कप, बशी, तेलाची बरणी, एकदा तर मामाच्या सलूनमधला हातआरसा. वडील ट्रकवर असायचे, घरी यायचे ते पाहुण्यासारखे. घर चालायचं आईच्या शिलाई मशीनवर आणि मामाच्या कात्रीवर. आई मशीनवरून मान वर न करता नुसत्या आवाजावरून ओळखायची.

"काय फुटलं?"

"काही नाही."

"काही नाही, ते दांडीचं की बिनदांडीचं?"

"दांडीचं," पोर पुटपुटायची.

"हाताला काय भोकं पडलीत का गं तुझ्या?"

आईच्या मनात तसं काही नसायचं. एका कपड्याची शिवण उसवून दुसऱ्याची घालणाऱ्या बाईला बोलताना शब्द निवडायला वेळ कुठून असणार? पण पोरीच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. एकदा ती खिडकीत उभी राहून तळहात उन्हासमोर धरून बघत होती. बोटांच्या कडा लालसर दिसत होत्या, त्यातून उजेड आरपार येतो का ते ती तपासत होती. मामाने तिला नेमकं तेव्हा पाहिलं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, बहिणीच्याच घरी राहिला. इमारतीच्या तळमजल्यावर त्याचं एका खुर्चीचं सलून होतं, आणि त्याला लागूनच मेडिकलचं दुकान. मामाच्या जिभेला हाड नव्हतं. गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा असताना तो असा काही विनोद करायचा, की बिचाऱ्याला हसावं की श्वास धरावा कळत नसे. "हसू नका हो, कान जाईल," असं वर तोच बजावायचा.

तर मामाने पोरीला हात उन्हात धरलेलं पाहिलं आणि विचारलं, "काय बघतेयस?"

"भोकं."

मामाने तिचा हात धरून तिला खिडकीतून बाजूला घेतलं. 

त्याच आठवड्यात टायपिस्ट काकूंचं प्रकरण झालं. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या या काकूंनी जन्मभर कुठल्याशा ऑफिसात टाइप केलं होतं. आता नोकरी संपली होती आणि ब्लडप्रेशर सुरू झालं होतं. गोळ्यांनी काडीचा फरक पडत नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे रोजची गोळी त्या गॅलरीतल्या कुंडीत खुपसायच्या. पाणी घालायला गेलेल्या शेजारणीने ते बघितलं आणि इमारतभर झालं. मामा वर गेला, सोबत पोरीला मनगटाला धरून नेलं.

"काकू, झाडाचं ब्लडप्रेशर अगदी नॉर्मल आहे हं," तो कुंडीकडे बघत म्हणाला. "तुमचं काय?"

"मला त्या गोळ्यांचा गुणच येत नाही. कशाला घ्यायच्या?"

"गुण कसा येईल? तुम्ही तुमच्या हातानेच घेता." मामाने आवाज खाली आणला. "सांगणार नव्हतो. घरातली गोष्ट आहे. पण ही आमची पोर आहे ना, हिच्या हाताला गुण आहे. हिच्या हातची गोळी घेतली की लागू पडतेच."

काकूंनी पोरीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही? हिने परवा माझ्या दारात दुधाची बाटली फोडली."

"तेच तर म्हणतोय! ज्या हाताला गुण असतो, तो बाकी कुठल्याच कामाचा नसतो."

काकूंना हे का कोण जाणे, पटलं. मामाने गोळी काढून पोरीच्या तळहातावर ठेवली. पांढरी, मधोमध रेघ असलेली, एवढीशी गोळी. पोरीने आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू इतकी सांभाळून धरली असेल. तिने ती काकूंच्या हातावर ठेवली, काकूंनी घेतली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. पुढच्या तपासणीला प्रेशर उतरलेलं निघालं. निघणारच होतं, इतके दिवस गोळ्या झाडाने घेतल्या होत्या आणि आता काकूंनी. पण काकूंनी मजल्यामजल्यावर सांगितलं, "पोरीच्या हाताला गुण आहे हो."

मग ताप आला की पोरीला बोलावणं. खोकला झाला की पोरीला बोलावणं. मेडिकलवाले काका तर औषध देऊन वर म्हणायचे, "आता वरच्या पोरीकडून घ्या म्हणजे झालं." पाडापाडी हे नाव कधी गळून पडलं कुणाला कळलंच नाही. सगळे गुणी म्हणायला लागले. आणि एक गोष्ट आईच्या लक्षात आली, ती तिने मामाला सांगितली, आणि मामाने ती उगाच मिशीतल्या मिशीत हसत ऐकली. घरात कप टिकायला लागले होते.

गुणीचा यावर पुरता विश्वास होता. गोळी देण्याआधी ती हात धुवायची आणि पुसायची नाही, हवेत वाळवायची, पुसल्याने गुण जाईल म्हणून. ही तिची तिनेच लावून घेतलेली पद्धत होती. पुढे शाळेत विज्ञान शिकवायला लागले, पोट कसं काम करतं ते कळलं, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. एका दुपारी ती सलूनमध्ये गेली. मामा एकाच्या गालावर फेस चढवत होता.

"मामा, खरं सांग. माझ्या हातात काही असतं का?"

"असतं तर."

"काय?"

"गुण."

"पण गुण म्हणजे काय?"

"परीक्षेत तुला मिळत नाहीत, ते," मामा म्हणाला. खुर्चीतला माणूस हसला आणि मामाने ब्रश त्याच्या तोंडात जाता जाता सावरला. "सगळे हातात उतरलेत, मग पेपरात कुठून येणार?"

मामाकडून सरळ उत्तर काढणं म्हणजे वाळू रगडून तेल काढण्यासारखंच होतं. तिने नाद सोडला. पण त्यानंतर लोकांना गोळी देताना ती गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायला लागली, आणि समजलं नाही की मेडिकलवाल्या काकांना विचारायला लागली. ही गोळी कशाची? ही गिळायची आणि ही चघळायची, असं का? काका म्हणायचे, "एवढं विचारतेस, तर दुकानच घे बाई माझं."

मामाच्या पायांवर सूज दिसायला लागली ती साधारण याच सुमारास. दिवसभर उभं राहून काम, पाय सुजणारच, असं तो म्हणायचा. पण चपलेचा अंगठा बसेना, जिन्याच्या प्रत्येक वळणावर तो थांबायला लागला. थांबला की शेजाऱ्यांच्या दारात डोकावून गप्पा मारायचा, म्हणजे दम लागलाय हे दिसू नये. "मामा हल्ली फार माणसाळलाय," असं लोक कौतुकाने म्हणत होते. शेवटी आईने धरून दवाखान्यात नेलं.

"हृदय थकलंय," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या आता जन्मभर."

बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "जन्मभर म्हणजे किती, ते मात्र बोलला नाही पठ्ठ्या."

गोळ्यांमध्ये एक लघवीची गोळी होती. अंगात साठलेलं जास्तीचं पाणी ती बाहेर काढते, असं मेडिकलवाल्या काकांनी गुणीला समजावलं. तीही पांढरी, मधोमध रेघ असलेली. पहिल्या सकाळी आई पाण्याचा पेला आणि गोळ्या घेऊन आली, तर मामाने तोंड फिरवलं.

"ताई, तू नको. गुणीला पाठव."

"का? माझ्या हाताला काय झालं?"

"तुझ्या हातची गोळी पोटात जाते, पण तिथे जाऊन झोपते."

"आणि माझ्या हातचं जेवण बरं जागं राहतं!"

सगळे हसले. गुणीने गोळ्या दिल्या, मामाने डोळे मिटून मोठ्या भक्तिभावाने घेतल्या आणि एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं. ती थट्टाच होती, नक्की थट्टाच. सूज उतरली. गुणी रोज संध्याकाळी त्याच्या घोट्यावर अंगठा दाबून बघायची. आधी तिथे खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. "विहीर खणतेस का, पाणी लागेल," मामा म्हणायचा. मग खड्डा भरून यायला लागला, मग पडेचना. "बघ, आला की नाही गुण?" मामा म्हणायचा, आणि लघवीची गोळी नेमकं काय करते ते माहीत असलेली गुणी म्हणायची, "आला."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग गुणीची प्रवेशपरीक्षा आली. कशासाठी प्रवेश ते अजून ठरायचं होतं, मार्क पडतील तसं बघू, असं घरात चाललं होतं. परीक्षेचं केंद्र दुसऱ्या गावी. तिकडे तिचे सख्खे काका राहायचे, त्यांच्याकडे काही दिवस राहून ती परीक्षा देऊन आली. जाताना तिने आईला सगळ्या गोळ्या नीट वेगळ्या करून दिल्या, कुठली सकाळची, कुठली रात्रीची.

परत आली तर मामा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला होता. पाय उघडे, फुगलेले, कातडी ताणून चकाकत होती. बोलताना मधेच थांबून हवा ओढत होता.

आई वरूनच ओरडली, "एक घेतली नाही त्याने! म्हणाला, गुणी आली की घेतो. आता एवढ्या मोठ्या माणसाचं काय तोंड उघडून घालू?"

गुणीने पिशवी तिथेच टाकली. "मामा, हे हाताच्या गुणाचं तूच काढलंस ना? टायपिस्ट काकूंना फसवायला?"

"हो."

"मग?"

मामा हसला. मग त्याने आपल्या पायांकडे पाहिलं. "फसवता फसवता फसलो गं."

"ही थट्टा आहे का?"

"न्हावी सगळ्यांचे केस कापतो, पण स्वतःचे कापायला दुसऱ्याकडेच जातो की नाही? तसंच समज."

ही थट्टा आहे की नाही, ते तिला कळेना. तिने वर नेऊन गोळ्या दिल्या. त्याने मुकाट घेतल्या, या वेळी डोळा उघडून पाहिलं नाही. सूज थोडी उतरली, पण पहिल्यासारखी नाही. थकलेलं हृदय आणखी थकलं होतं. एके दुपारी दाढी करता करता त्याला खुर्चीचा आधार घ्यावा लागला, गिऱ्हाइकानेच उठून त्याला त्याच्या खुर्चीत बसवलं, आणि अर्ध्या गालावर फेस घेऊन ते गिऱ्हाईक रिक्षा शोधायला धावलं. मामाला भरती केलं.

दवाखान्यात भेटायची वेळ फक्त संध्याकाळी. आई जेवणाचा डबा घेऊन दुपारी जाऊ शकायची, बाकी कुणाला आत सोडत नसत. दुसऱ्या का तिसऱ्या संध्याकाळी गुणी गेली तर मामाने शर्टाच्या खिशातून रुमाल काढला. त्यात सकाळच्या गोळ्या होत्या, कडा विरघळून मऊ झालेल्या.

"दे," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

तिने दिल्या. देऊ नये असं वाटत होतं, पण न देणं तर त्याहून वाईट. बाहेर वॉर्डच्या सिस्टरनी तिला गाठलं. उंच, दमलेल्या, बोलायला कडक पण वाईट नसलेल्या.

"तुम्हीच का गुणी? तुमच्या पेशंटला सांगा जरा. गोळी गालात धरून ठेवतात, मी पाठ फिरवली की खिशात. सकाळची गोळी संध्याकाळी घेऊन कसं चालेल? मी काय दर वेळी तोंडात बॅटरी मारून बघू?"

"सांगते."

"सांगते नको. ऐकतील असं सांगा."

दुसऱ्या दिवशी गुणी दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून भेटीच्या वेळेची वाट बघत होती आणि वाक्यं जुळवत होती. परीक्षेआधी जुळवावीत तशी. आत गेली, स्टूल ओढलं. मामाने रुमाल काढला. तिने तो घेतला आणि मुठीतच ठेवला.

"मामा, ऐक. माझ्या हातात काही नाही. कधीच नव्हतं. काकूंना बरं वाटलं, कारण त्यांनी गोळ्या घेतल्या. तुझी सूज उतरली ती गोळीने. मी नसते, आई असती, सिस्टर असत्या, तरी उतरलीच असती. गोळीला कळत नाही कुणी दिली ते. हे तूच रचलंस आणि तुला ते ठाऊक आहे."

मामा तिच्याकडे बघत राहिला. गिऱ्हाइकाचं काम झाल्यावर तो आरशात त्याच्या चेहऱ्याकडे बघायचा, एखादी बट राहिलीय का, तसा.

"बरं," तो म्हणाला.

"सिस्टरांच्या हातची घेशील?"

"घेईन की."

"वेळेवर?"

"वेळेवर." मग त्याने तिचा उजवा हात धरला, उताणा केला, खिडकीच्या बाजूला वळवला. "मला एवढंच सांग," तो म्हणाला, "मग इतकी वर्षं कप कसे नाही फुटले?"

तेवढ्यात भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली आणि सगळ्यांना बाहेर काढायला लागले.

मामाने शब्द पाळला. दुसऱ्या सकाळपासून सगळ्या गोळ्या सिस्टरांच्या हातून, वेळच्या वेळी. "आता कसे शहाण्यासारखे घेतात," असं सिस्टरनी आपणहून येऊन सांगितलं. थट्टा मात्र त्याने जवळजवळ बंद केली. पुढच्या काही संध्याकाळी गुणी गेली की तो परीक्षेच्या निकालाचं विचारायचा, वडिलांचा ट्रक कुठे पोचला ते विचारायचा, इतर माणसं विचारतात तसं. रुमाल नुसता घडी घालून उशीखाली असायचा.

आठवडा भरायच्या आत मामा गेला. भर दुपारी. आई डबा उघडत होती. गुणी कॉम्प्युटरच्या क्लासला होती.

डॉक्टर आईला म्हणाले, "आम्ही हात टेकले हो. गोळ्या सगळ्या पोचत होत्या. हृदयातच दम उरला नव्हता." गुणीने हे वाक्य आईकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. सगळ्या पोचत होत्या ना? सगळ्या, आई म्हणायची. उशिरा घेतल्या म्हणून नाही ना? नाही गं, डॉक्टर नाही म्हणाले. मग कशाने?  आई मशीनवर बसायची आणि कापड न घालताच पाय हलवत राहायची.

त्याच दिवसांत गुणीच्या हातून काचेचा पेला पडला. मोठा आवाज झाला. ती वाट बघत उभी राहिली. आईने मान वर केली, तुकड्यांकडे पाहिलं, आणि केरसुणी आणायला गेली. भोकं पडलीत का असं विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं गुणीला वाटलं.

त्या लांबट खोलीत हे सगळं सांगायचं कसं? कागदवाल्याने पुन्हा विचारलं, "फार्मसीच का? मार्क तर दुसरीकडेही चालले असते."

गुणी म्हणाली, "मला बघायचंय, गुण कशाचा असतो. गोळीचा की हाताचा."

घड्याळवाले सर हसले. "हे काय, कॉलेजात मंत्र-तंत्र शिकायला आलीस का?" पण चहावाल्या मॅडमनी कप खाली ठेवला होता. त्यांनी विचारलं, "कुणाचा हात?"

"माझा."

मॅडमनी तिचे कागद आपल्याकडे ओढले. मग म्हणाल्या, "गोळीचा किती, ते आम्ही शिकवू. उरलेलं तुमचं तुम्ही शोधायचं." यादीत तिचं नाव आलं. गोळीत काय असतं ते ती शिकायला गेली, ते हातात काय असतं ते कळलं नव्हतं म्हणून. त्या खोलीबाहेर कुणालाही तिने असं सांगितलं नाही, पण खरी गोष्ट हीच.

दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत गोळी विरघळायला किती वेळ घेते ते तपासायचं होतं. काचेचं भांडं, त्यात शरीराइतकं कोमट पाणी, वरून हळू फिरणारं पातं. प्रत्येकाला एक गोळी वाटली. गुणीच्या वाट्याला आली ती पांढरी, मधोमध रेघ असलेली. नाव वाचायची गरज नव्हती, मामाची लघवीची गोळी ती. तिने ती चिमट्याने पाण्यात सोडली. गोळी तळाशी गेली, कडांवरून धूर निघावा तशी पांढरी पुसट रेघ निघाली, मग रेघेवर ती दुभंगली, मग दोन्ही अर्ध्यांचा भुगा झाला आणि बघता बघता पाणी पुन्हा स्वच्छ. बाकीचे घड्याळ बघून आकडे मांडत होते. गुणी नुसती उभी.

चहावाल्या मॅडम फिरत फिरत तिच्यापाशी आल्या. "डोळ्यांत काही उडालं का?"

"नाही मॅडम. विरघळली."

"विरघळायलाच हवी."

"हो. कुणी न देताच विरघळली."

मॅडमनी भांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आकडे नंतर मांड," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

पुढे ती हेही शिकली, की औषध अजिबात नसलेली, नुसत्या पिठीसाखरेची गोळी दिली तरी काही लोकांना बरं वाटतं. अशा गोळीला प्लासिबो म्हणतात. देणारा आपुलकीने बोलला तर आणखी बरं वाटतं. दुखणं कमी होतं, झोप लागते. हे वाचलं त्या दिवशी ती तडक मॅडमच्या खोलीत गेली.

"आणि हृदय थकलेलं असेल तर? पायाला सूज असेल तर?"

"सुजेला गोळीच लागते, बाळ," मॅडम म्हणाल्या. "साखरेच्या गोळीने पाणी उतरत नाही."

"म्हणजे हाताचं काहीच नाही."

"पाणी उतरायला नाही." मॅडमनी समोरचं पुस्तक मिटलं. "माणूस पाण्याचाच बनलेला असता तर प्रश्न मिटला असता."

आज गुणी एका मोठ्या दवाखान्याच्या औषधखिडकीत बसते. समोर जाड काच, काचेला खाली हात जाईल एवढी फट, फटीत एक पत्र्याची तबकडी. नियम असा, की गोळ्या तबकडीत ठेवायच्या आणि समोरच्याने उचलायच्या. गुणी बहुतेक नियम पाळते, हा मात्र तिच्याकडून पाळला जात नाही. ती फटीतून हात बाहेर काढून गोळ्या थेट माणसाच्या तळहातावर ठेवते. कोणती कधी घ्यायची ते सांगते, आणि शेवटी न चुकता म्हणते, "गुण गोळीचा असतो. कुणाच्याही हातून घ्या, पण वेळेवर घ्या." शेजारच्या खिडकीतली तिची मैत्रीण हे ऐकून ऐकून पाठ झाल्यामुळे तिच्या आधीच पुटपुटते.

मध्यंतरी एक म्हातारी बाई मैत्रिणीच्या रांग नसलेल्या खिडकीवरून निघून गुणीच्या लांबलचक रांगेत येऊन उभी राहिली. नंबर आल्यावर म्हणाली, "तुम्हीच द्या हो. त्या बाईंनी दिलेलं मला लागू पडत नाही."

"घ्या! गेलं आमचं नाव," मैत्रीण पलीकडून ओरडली, आणि रांगेतले चारदोन जण हसले.

गुणी हसली नाही. "आजी, गोळी तीच आहे. एकाच कपाटातून येते. गुण गोळीचा असतो."

"असेल बाई," म्हातारी म्हणाली. "पण तुम्ही द्या."

गुणीने दिली.

आई आता थकली आहे. मशीन आहे, पण त्यावर आता घड्या घातलेले कपडेच असतात. गुणीने तिला एकदा विचारलं होतं, "आई, मामा खरंच मानायचा का गं? माझ्या हाताचं?"

"मला काय माहीत? तो कधी सरळ बोलला का?" आई म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, दुसरंच काही बोलता बोलता म्हणाली, "तू परीक्षेला गेलीस ना, तेव्हा मी त्याला गोळ्या घे म्हणून मागे लागले होते. तर म्हणाला, ताई, तिला परत आल्यावर कळू दे, तिच्यावाचून कुणाचं तरी अडलं होतं. मी म्हटलं, असं कुणी करतं का? तर म्हणाला, आणि खरं सांगू का, मला भीतीही वाटते गं, तिने नाही दिली तर."

"यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही एका दमात बोलला. हसतच बोलला."

गोळी किती वेळात विरघळते, रक्तात किती पोचते, किती वेळ टिकते, हे गुणी आज कुणालाही समजावून सांगू शकते. त्याची पुस्तकं आहेत, यंत्रं आहेत, आकडे आहेत. पण घरी कप विसळताना, हातातला कप नीट धरलेला असताना, ती मधेच थांबते. रुमालातल्या त्या मऊ पडलेल्या गोळ्या तिला दिसतात. मामा स्वतःच रचलेल्या थापेवर शेवटी खरंच विश्वास ठेवायला लागला होता का, की ती थाप मोडली तर पोरीच्या हातातून पुन्हा सगळं निसटेल, म्हणून तो त्या गोळ्या दिवसभर खिशात जपून ठेवत होता?